आयपॉडची बॅटरी घरी बदलली, त्याला नऊ महिने झाले

बॅटरी नवीन टाकली की पहिला आठवडा कुठलाही प्लेअर छान चालतो. त्या आठवड्यात लिहिलेलं कौतुक वाचून मी एकदा फसले आहे, म्हणून या वेळी मुद्दाम नऊ महिने थांबले.

माझा प्लेअर आयपॉड व्हिडिओ, 30 जीबी. ही पाचवी पिढी 2005 च्या ऑक्टोबरमध्ये आली. नवा असताना या मॉडेलसाठी 14 तास गाणी असा आकडा दिलेला असायचा. माझा शेवटी शेवटी चाळीस मिनिटांत मान टाकायचा. यात दोष कुणाचाच नाही. लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि कपाटात ठेवली तरी होते. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर जास्तच लवकर. बाकी सगळं ठणठणीत होतं. चाक, स्क्रीन, हार्ड डिस्क आणि कित्येक वर्षं माझ्या मनासारखी लावून ठेवलेली गाणी. एवढ्याशा बॅटरीपायी तो टाकून द्यायला मन धजेना.

पहिली बॅटरी मी छापील आकडा पाहून घेतली. तिच्यावर 650 एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं. मूळ बॅटरी 400 च्या आसपासची. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच जाडीत दीडपट ताकद कुठून येणार? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. पूर्ण चार्ज केल्यावर साडेसात तास मिळाले आणि चाळीस मिनिटांपुढे तेही मला भरपूर वाटले. अडीच महिन्यांत ते सव्वाचारवर आले. चौथ्या महिन्यात एका सकाळी पाठीचं स्टीलचं झाकण एका बाजूला उचललेलं दिसलं, फटीत नख जाईल इतकं. बॅटरी फुगली होती. आत वायू धरला की असं होतं, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्जला लावायची नाही, दाबून झाकण बसवायचं तर नाहीच नाही. मी त्याच दिवशी ती काढली, टोकांवर चिकटपट्टी लावली आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. घरच्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकू नका, दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

दुसरी घेताना आकड्याऐवजी माप पाहिलं. या पिढीत दोन जाडीचे प्लेअर आहेत: 30 जीबीचा 11 मिलीमीटर, 60 आणि 80 जीबीचे 14. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या. जाड बॅटरी पातळ प्लेअरमध्ये कोंबली तर झाकण बसत नाही. माझ्या या बॅटरीवर 450 लिहिलंय, आणि मला ते खरं वाटतं, कारण तास तेच सांगतात.

आता उघडण्याबद्दल. आधी बॅटरी बरीचशी उतरवून घ्या; चुकून टोचली गेलीच तर भडका कमी होतो. होल्डचं बटण लावून ठेवा, म्हणजे काम चालू असताना प्लेअर जागा होत नाही. स्क्रू कुठेच नाहीत, झाकण चारी बाजूंनी खटक्यांवर बसलेलं असतं. मी गिटारची प्लास्टिकची पिक वापरली. पहिल्या वेळी घाईत चाकूचं टोक घातलं होतं, तो ओरखडा अजून आहे. खटके सुटले की हात जागच्या जागी थांबवायचा. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. दोन्ही अर्धे भाग पातळ पट्ट्यांनी जोडलेले असतात: एक बॅटरीची, एक हेडफोन जॅकची. झाकण पुस्तकासारखं झटकन उघडलं की पट्टी फाटते.

बॅटरीची पट्टी ज्या खाचेत बसते तिला नखाहून लहान एक पट्टीवजा कुलूप असतं. ते पूर्ण निघत नाही, जेमतेम दोन मिलीमीटर वर सरकतं. दोन्ही टोकांना आळीपाळीने थोडं थोडं उचललं की पट्टी आपोआप सैल होते, ओढावी लागत नाही. मी भिंग लावून, श्वास धरून हे केलं आणि ती सुटली तेव्हा खरंच हायसं वाटलं. बॅटरी झाकणाला गोंदाने चिकटलेली असते. तिथे प्लास्टिकचं कार्ड आणि धीर, दोनच गोष्टी लागतात. धातूचं काहीही त्या गोंदाजवळ नेऊ नका.

नऊ महिन्यांचा हिशेब असा. मोजायची पद्धत दर वेळी एकच: तीच गाण्यांची यादी, आवाज निम्म्यावर, स्क्रीनचा दिवा बंद, होल्ड लावलेलं. पहिल्या महिन्यात 13 तास, परवा मोजले तेव्हा 12 तास 10 मिनिटं. रोजच्या वापरात नऊ-दहा धरा, कारण मी गाणी बदलत बसते. हा प्लेअर पुढची गाणी आधीच मेमरीत भरून घेतो आणि डिस्क झोपवतो. सारखं पुढे-मागे केलं की डिस्क पुन्हा पुन्हा फिरते आणि बॅटरी तिथेच जाते. एक आल्बम सलग ऐकला की फरक लगेच कळतो, आणि सलग ऐकण्यासाठीच तर मी हा प्लेअर सांभाळलाय. मध्ये फोन वाजत नाही, नेटवर्क लागत नाही.

सुरुवातीचे चार-पाच चार्ज बॅटरीचं चित्र खोटं सांगत होतं, अर्ध्यावर दाखवत असताना प्लेअर बंद पडायचा. नंतर ते आपसूक जुळलं. चार्जिंगला रात्रभर ठेवत नाही, आणि बरेच दिवस वापरायचा नसेल तेव्हा अर्धा भरून थंड जागी ठेवते.

एक उणीव राहिली. दोनदा उघडल्याने झाकण वरच्या डाव्या कोपऱ्यात केसभर उंच बसतं, अंगठ्याला जाणवतं. पहिली बॅटरी फुगली तेव्हापासून दर महिन्याला मी तो कोपरा चाचपून पाहते. नऊ महिन्यांत ती उंची वाढलेली नाही.