नागपूरच्या नावावर काय काय खपवतात

दोन दिवसांसाठी नागपूरला येणारा पाहुणा बहुतेक वेळा नावाला फसतो. ‘नागपुरी’ संत्री, ‘सावजी’ मटण, ‘गावरान’ कोंबडी, ‘ताडोबा कोअर’ सफारी. नाव ऐकूनच तो पैसे काढतो, आणि हातात पडलेला माल त्या नावाचा आहे की नाही हे ओळखायची खूण त्याच्याकडे नसते. म्हणून त्या खुणा इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात मोठी रक्कम जाते सफारीत, आणि तीही घर सोडण्याआधी. फोनवर ‘ताडोबा सफारी बुकिंग’ शोधलं की वर जाहिरातीच्या साइट येतात. वाघाचा मोठा फोटो, नावात ताडोबा आणि पैसे भरायला एका माणसाच्या नावाचं यूपीआय खातं. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. पत्त्याचा शेवट दुसरा असेल, तर तुमचा व्यवहार एजंटशी चालला आहे. एजंट प्रामाणिकही असू शकतो. पण मग परवाना कोणत्या गेटचा, कोणत्या फेरीचा, कोणाच्या नावाचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.

इथे तीन प्रकार चालतात. पहिल्यात पीडीएफच बनावट असते. पहाटे साडेतीनला नागपुरातून निघून, झोपाळलेली मुलं घेऊन कुटुंब गेटवर पोचतं, आणि यादीत नावच नसतं. दुसऱ्यात परवाना खरा असतो, पण दुसऱ्याच्या नावावर काढलेला. गेटवर मूळ ओळखपत्र आणि परवान्यावरचं नाव जुळवून पाहतात, त्यामुळे तिथून परत यावं लागतं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो, कारण फसलेल्याला फसल्याचं कळतच नाही. पैसे कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचे, आणि सफारी बफरची, म्हणजे त्याभोवतीच्या पट्ट्यातली.

हा तिसरा प्रकार टाळायचा तर गेटांची नावं पाठ ठेवा. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी ही कोअरची गेटं. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर ही बफरची. कोलारा आणि नवेगाव या नावांनी बफरचीही प्रवेशद्वारं आहेत, म्हणून नुसतं ‘कोलारा गेट’ ऐकून थांबू नका, परवान्यावर कोअर लिहिलंय का ते वाचा. बफरमध्येही वाघ दिसतो, तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पैसे बफरचेच जायला हवेत. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद असतो आणि एरवी मंगळवारी ताडोबा बंद असतं. ऑगस्टमधली किंवा मंगळवारची ‘कोअर’ सफारी कोणी विकत असेल, तर पुढे बोलायचं कारण नाही. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, सहा पर्यटक बसतात. तुम्ही दोघंच असाल, तर भाव अख्ख्या गाडीचा सांगितलाय की माणशी, हे विचारा. जिप्सी आणि गाइडचे पैसे त्यात धरलेत का, तेही विचारा, नाहीतर तीच रक्कम गेटवर पुन्हा मागितली जाते.

पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात वेगळीच गफलत होते. सिल्लारी आणि खुर्सापार ही गेटं महाराष्ट्रात, तुरिया मध्य प्रदेशात. राज्यं दोन, बुकिंगची संकेतस्थळं दोन. ‘पेंच’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका.

आता संत्री. याबद्दल नागपूरकराला खरं वाईट वाटतं, कारण पाहुणा किन्नो नावाचं संत्र्यासारखं दुसरंच फळ घेऊन घरी जातो आणि म्हणतो, ‘एवढं नाव ऐकलं होतं, पण आंबटच निघाली.’

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे बहार, म्हणजे फळाचे हंगाम, दोन. आंबिया बहाराचा माल साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतो, मृग बहाराचा फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत. मधल्या जानेवारी-फेब्रुवारीत पंजाब-राजस्थानचा किन्नो गाड्या भरभरून येतो आणि स्टेशनाबाहेर, हायवेवर ‘असली नागपुरी’ म्हणून विकला जातो. जून ते सप्टेंबरात ‘आजच तोडलेली’ म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. तेव्हाचं फळ एक तर शीतगृहातलं, नाहीतर बाहेरचं.

ओळखायचं कसं? एक नग सोलून मागा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठा घातला की फोडींपासून सुटते. देठाकडे बरेचदा थोडा उंचवटा असतो. फोडी दहा-बारा, बिया मोजक्या. किन्नोची साल घट्ट आणि चकचकीत, सोलताना तुकडे पडतात, आणि बिया वीसच्या आसपास निघतात. रंगावर तर अजिबात जाऊ नका. आपल्याकडच्या हवेत संत्रं झाडावर पुष्कळदा हिरवट-पिवळंच राहतं आणि तरीही गोड असतं. सगळा ढीग एकसारखा गडद केशरी दिसला, तर संशय घ्या. इथिलीन वायूने रंग आणायला परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, आणि रस्त्यावर उभं राहून दोन्हींतला फरक तुम्हाला कळणार नाही. सैल सालीचाही अतिरेक होतो. हातात हलकं लागणारं, दाबल्यावर आत पोकळी जाणवणारं फळ जुनं असतं, आतून कोरडं निघतं. देठाचं बोंड हिरवं असेल तर माल ताजा. ते तपकिरी होऊन गळलं असेल तर दिवस झालेत.

मग मापाचा खेळ. डझनाचा भाव सांगतात, पण नगाचं वजन कोणी सांगत नाही. 90 ग्रॅमची बारा फळं म्हणजे 1 किलो 80 ग्रॅम, 170 ग्रॅमची बारा म्हणजे 2 किलोंहून थोडी जास्त. भाव तोच, माल जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा. किलोनेच घ्या. पेटी घेत असाल तर तिथेच उलटी करायला लावा, कारण वरच्या थरात मोठी आणि खाली लिंबाएवढी हा जुना प्रकार आहे. रेल्वे स्टेशनचं पूर्वेकडचं दार संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. गाडीला तासभर असेल तर फलाटावर घेण्यापेक्षा तिकडे चार ढीग पाहून घ्या. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत भरू नका, रात्रीत घाम सुटतो आणि एका फळाची बुरशी सगळ्यांना लागते.

संत्र्याच्या रसातही असंच. एका मध्यम फळातून सुमारे 50 मिलीलिटर रस निघतो, म्हणजे 250 मिलीलिटरच्या ग्लासाला पाचएक संत्री लागतात. समोर दोनच पिळली, तर बाकी बर्फ, पाणी आणि साखरेचा पाक. सकाळी काढून बाटलीत भरलेला ‘ताजा’ रस तर घेऊच नका. आपल्या संत्र्याचा रस पिळल्यावर काही वेळाने कडवट होत जातो. त्यात लिमोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते या फळाच्या स्वभावातच आहे. दुपारपर्यंत गोडच राहिलेल्या त्या रसात काय घातलंय, ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

संत्रा बर्फी घेताना डबा उलटा करून घटक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. संत्र्याचा गर वरच्या दोन-तीन नावांत नसेल आणि रंग-इसेन्स असतील, तर ती केशरी रंगाची साखर आहे. गराच्या बर्फीत बारीक रेषा लागतात आणि शेवटी किंचित तुरटपणा येतो. इसेन्सची बर्फी गोळीसारखी वास मारते. सुटी मिठाई घेतली, तर ट्रेसमोर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावलेली हवी, 1 ऑक्टोबर 2020 पासून तसा नियम आहे. आणि रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. 800 रुपये किलोच्या मिठाईत 80 ग्रॅमच्या पुठ्ठ्याचे 64 रुपये होतात.

सावजी हे हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाच्या घरचं जेवण. आज ती पाटी कोणीही लावतो. खऱ्या सावजी रश्शाचा रंग काळपट तपकिरी असतो, कारण तो भाजलेल्या मसाल्याचा, खसखशीचा असतो. जुन्या पद्धतीत तेलही जवसाचं. ताटात लालभडक रस्सा आला आणि बोटं रंगली, तर तो तिखटपुडीचा आणि रंगाचा. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं म्हणजे सावजी झालं नाही, मागून मसाल्याची चव राहिली पाहिजे.

बिल फुगतं ते ‘प्लेट’ या शब्दाने. मटण प्लेटमध्ये नग किती, रोटी-भात त्यात की वेगळा, पुन्हा रस्सा मागितला तर पैसे लागतात का, हे तीन प्रश्न बसण्याआधी विचारा. खूर (पाय), सुंदरी (आतडी), कलेजी पुष्कळदा मेनूत नसते, तोंडी सांगतात आणि भाव शेवटी कळतो. ‘गावरान’ सांगून बॉयलर वाढणं तर सर्रास चालतं. गावरान कोंबडीचं तंगडीचं हाड बारीक आणि टणक, मांस दाताला रेषारेषांनी लागणारं. हाड बोटांनी मोडलं आणि मांस लोण्यासारखं सुटलं, तर दुप्पट भाव द्यायचं कारण नाही.

बिलावर सेवाशुल्क लावलं असेल तर काढायला सांगा, ते सक्तीचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही 28 मार्च 2025 रोजी हेच ठरवलं. नेहमीच्या उपाहारगृहात जीएसटी 5 टक्के असतो आणि बिलावर जीएसटी क्रमांक असावाच लागतो. पाण्याच्या बाटलीवर मात्र हॉटेलात वाद घालू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिली आहे. साधं पाणी मागा. दुकानात आणि स्टेशनवर ही मुभा नाही.

सकाळचे तर्री पोहे, म्हणजे वर झणझणीत रस्सा घातलेले पोहे, निर्धास्त खा. प्लेट डोळ्यांसमोर भरतात, भाव पाटीवर असतो.

शहरात फिरताना फार मोठं काही जात नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, सामान्य लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतो. ‘किल्ला दाखवतो’ म्हणून एरवी नेणारा ऑटोवाला तुम्हाला फाटकापर्यंतच नेईल. दीक्षाभूमीला प्रवेशाचे पैसे लागत नाहीत. कोणी पास विकत असेल तर घेऊ नका. स्टेशन, बर्डी, शंकरनगर, धरमपेठ हे सगळं मेट्रोच्या एकाच मार्गावर आहे, त्यामुळे खाण्यासाठी फिरायला ऑटोशी घासाघीस करायची गरजच नसते. विमानतळाचं मेट्रो स्टेशन मात्र वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही, शेवटच्या टप्प्याची सोय बघून ठेवा. सेवाग्रामला जात असाल तर लक्षात असू द्या, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय आहे याची हमी कोणीच देणार नाही.

राहण्याच्या बुकिंगमध्ये ऑनलाइन नकाशावरचा हॉटेलचा फोन नंबर बदललेला असू शकतो. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर वेगळा लावून खोली आहे का ते विचारा. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ किंवा ‘पडताळणीसाठी पिन टाका’ म्हणाले, की फोन ठेवा. पैसे येताना पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, हॉटेलशी किंवा एजंटशी भांडत बसू नका. पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. फोन लावताना यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता जवळ ठेवा. दुकानाच्या किंवा हॉटेलच्या बिलाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर होते. तिथे बिलाचा फोटो मागतात, आणि डबाबंद मिठाई असेल तर डब्यावरचा 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांकही लिहून द्या.