लघवीतली प्रथिने: एलायझा की मास स्पेक्ट्रोमेट्री?

निवड करण्याआधी मोजायच्या प्रथिनांची यादी किती लांब आहे ते बघा. मूत्रपिंडाच्या नलिकांची इजा दाखवणारे किम-१ किंवा एनगॅल एवढेच हवे असेल, तर एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन पकडून मोजणारी चाचणी) घ्या. ही प्रथिने मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या घरात असतात आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन, त्यांच्या हजारो पट. मास स्पेक्ट्रोमेट्री रेणू वस्तुमानावरून ओळखते; त्यासाठी ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, करतात आणि किम-१चे पेप्टाइड त्या गर्दीत हरवते. ते वर काढायला शेवटी अँटिबॉडीच लागते. मग एवढा खटाटोप कशाला?

दहा-वीस प्रथिने एकाच नमुन्यात मोजायची असतील तर मात्र एमआरएम (आधी ठरवलेली पेप्टाइडेच मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री) सरस. प्रत्येक प्रथिनाची किमान दोन पेप्टाइडे घ्या. मेथिओनिन हे अमिनो आम्ल असलेली टाळा. ऑक्सिडेशनने आकडा हलतो. तुलनेसाठीचे जड समस्थानिकाचे पेप्टाइड शेवटी मिसळले तर पचनातली (ट्रिप्सिनने तोडतानाची) घट भरून निघत नाही, जड प्रथिन सुरुवातीलाच घातले तर निघते. प्रथिने उलगडायला युरिया वापरत असाल तर डीटीटीची (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनाची) पायरी ५६ अंशांवर नको, ३७ वरच ठेवा, नाहीतर प्रथिनांचे कार्बामायलेशन होते, म्हणजे युरियापासून बनलेला पदार्थ त्यांना चिकटतो. ट्रिप्सिन घालण्याआधी युरिया १ मोलरच्या खाली आणा. मग ट्रिप्सिन आणि प्रथिनाचे १:५० प्रमाण, पीएच ८, ३७ अंश, रातभर.

घोळ बहुतेकदा यंत्राच्या आधीच होतो. प्रत्येक नमुन्यातून सारखे मायक्रोग्रॅम प्रथिन घेतले, तर भरपूर अल्ब्युमिन जाणाऱ्या रुग्णात बाकीची सगळी प्रथिने घटलेली दिसतात. घटलेले काहीच नसते, अल्ब्युमिनने जागा खाल्लेली असते. म्हणून आकारमान सारखे घ्या आणि लघवी किती पातळ आहे याचा फरक जावा म्हणून निकाल क्रिएटिनिनमागे मांडा. एलायझात हा फसवा प्रकार नाही, पण तिथे प्रतिजन (मोजायचे प्रथिन) फार झाले की हुक इफेक्टने आकडा उलट खाली येतो. शंका आली तर नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा.

काही दोष दोन्हींच्या वाट्याला सारखेच. नलिकांच्या इजेसाठी मोजले जाणारे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन पीएच ६ खालच्या लघवीत मूत्राशयातच तुटू लागते. त्याऐवजी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन किंवा रेटिनॉल बाइंडिंग प्रोटीन निवडावे. लघवीच्या संसर्गात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमुळे एनगॅल वाढते, तेव्हा पांढऱ्या पेशी तपासल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नका. नमुना ताजा असतानाच सेंट्रिफ्यूज करून पेशी काढा, लहान भाग पाडून उणे ८० अंशांवर ठेवा. उणे २० वर अल्ब्युमिन गाळात बसते. वितळल्यावर तो गाळ फेकून दिला तर त्याच्याबरोबर अल्ब्युमिनही जाते. आधी ३७ अंशांपर्यंत आणून नीट हलवा.

तिसरा पर्याय केशिका इलेक्ट्रोफोरेसिस (बारीक नळीत विजेने रेणू वेगळे करणे) जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारासाठीचा सीकेडी२७३ हा संच त्यावरच उभा आहे: २७३ पेप्टाइडे, त्यांत कोलॅजनचे तुकडे पुष्कळ, आणि ट्रिप्सिनची गरजच नाही. मूत्रपिंडातल्या फायब्रोसिसचा (व्रणासारख्या ऊती साठण्याचा) माग काढायचा असेल तर तो बघण्यासारखा आहे. एकट्या अल्ब्युमिनसाठी यातले काहीच नको. रोजची इम्युनोटर्बिडिमेट्री (अँटिबॉडीमुळे येणारा गढूळपणा मोजणारी चाचणी) आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पुरते, क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमची रेषा त्यावरच आखलेली आहे.