मोठ्या अक्षरातलं मराठी पवित्र शास्त्र (बायबल) – सासऱ्यांसाठी घेतलं, आता अख्खं घर वापरतंय

घरात वयस्कर माणूस असेल तर मोठ्या अक्षराचंच शास्त्र घ्या, हे आधीच सांगते. आम्ही भुसावळचे, सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, पार्सल ऑफिसला आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने बरे गेले मग माणूस एकदम गप्प झाला, सकाळी उठून चहा, पेपर, खिडकीत बसायचं, आणि काही बोललं की एकच वाक्य, आता माझा काय उपयोग. चर्चला जायचे पण मागच्या बाकावर बसून परत. जुनं शास्त्र होतं घरात, लग्नात मिळालेलं, त्याची अक्षरं मुंगीएवढी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही चष्मा लावून दोन ओळी वाचल्या की डोळ्यातून पाणी. म्हणून हे घेतलं.

आता वस्तूबद्दल. अक्षर खरंच मोठं आणि ठसठशीत आहे, ट्यूबलाइटच्या उजेडात बाबा आरामात वाचतात. कागद पातळ, मागच्या पानाची छपाई थोडी दिसते, पण ६६ पुस्तकं एका जिल्दीत म्हणजे कागद पातळच लागणार, नाहीतर उचलणार कोण. वजन तरीही आहे, मांडीवर उशी घेऊन वाचावं लागतं. प्रभु येशूचे शब्द लाल शाईत आहेत, दिसायला सुंदर, पण रात्री म्हाताऱ्या डोळ्यांना लाल अक्षर काळ्यापेक्षा जड जातं, दुकानात विचारून सगळं काळं असलेली प्रत मिळाली तर ती घ्या. कव्हरची चेन मात्र पार बेकार, घेतल्यावर थोड्याच दिवसात दात सुटले, शेवटी शिंप्याकडून नवीन बसवून घेतली. बाइंडिंग शिलाईचं आहे हे महत्त्वाचं, आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीच्या वर जातं, नुसत्या गोंदावरची पुस्तकं पान पान होऊन हातात येतात. घेताना मध्ये उघडून दोरा दिसतो का बघा. कडेला इंडेक्सचे खाचे आहेत त्याने स्तोत्रसंहिता वगैरे पटकन सापडतं, पण शेवटच्या भागातली, मंडळ्यांना लिहिलेली छोटी पत्रं इफिस, फिलिप्पै, कलस्सै एकामागे एक येतात तिथे शोधावंच लागतं.

आणि त्या फिलिप्पैवरच मला लिहायचंय. चर्चच्या पाळक साहेबांनी बाबांना सांगितलं की सुरुवातीपासून नको, आधी हे चार अध्यायांचं पत्र वाचा. येशूचा प्रेषित पौल कैदेत होता तेव्हा लिहिलंय, पुढे सुटका होईल का मरण येईल ते माहीत नाही, आणि हा माणूस लोकांना आनंद करा, आनंद करा लिहितोय! बाबा ते वाचून थांबले नाहीत, ते थांबले दुसऱ्या अध्यायात, एपफ्रदीतापाशी. आम्ही इतक्या वर्षांच्या उपासनेत या नावाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, पौलासाठी मदत पाठवली ती घेऊन आलेला हा माणूस, वाटेत म्हणा की तिथे म्हणा आजारी पडला, मरता मरता वाचला. काम काय तर सामान पोहोचवलं. आणि पौल त्याला बंधू, सहकारी, सहसैनिक म्हणतो आणि सांगतो अशा माणसांना मान द्या. बाबा मला हाक मारून म्हणाले, बेटा, हा तर पार्सलवालाच निघाला गं. इतक्या दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर ऐकला मी.

तिथून गाडी सुरू झाली. मंडळीत ज्यांना दिसत नाही, अंथरुणावर आहेत, अशांच्या घरी बाबा हे जाडजूड शास्त्र पिशवीत घालून जातात आणि वाचून दाखवतात. एक आजी आहेत त्यांना फक्त स्तोत्र २३ लागतं, रोज तेच, बाबा रोज तेच वाचतात. कोणाचं औषध आणायचं असलं तर तेही आणतात. घरी आल्यावर जेवताना सगळं सांगतात. परिस्थिती तीच आहे, गुडघे दुखतातच, पेन्शन तेवढीच, पण सकाळी आंघोळ करून तयार बसलेले असतात, कारण कोणीतरी वाट बघतंय आणि ज्याने पाठवलंय तो प्रभू आहे असं ते मानतात. मी पण मानते.

भाषा काही ठिकाणी जुन्या वळणाची आहे, माझ्या मुलीला कॉलेजात असून अडतं, मग ती आजोबांना विचारते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं तेच साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ ला पूर्ण छापलं गेलं, तर सोप्या मराठीची ओढ आपल्याकडे जुनीच आहे. तरुणांसाठी सोप्या भाषेतली प्रत वेगळी घ्या. कॅथलिक असाल तर ७३ पुस्तकांची प्रत लागते, दुकानदाराला आधीच सांगा.

किंमत छोट्या अक्षराच्या प्रतीपेक्षा बरीच जास्त आहे, मला वसूल वाटली. पाचपैकी साडेचार, अर्धा चेनचा कापला. ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन ज्याच्यासाठी घेताय त्यालाच सोबत न्या, त्याच्याच चष्म्याने एक पान वाचायला लावा आणि मग पैसे द्या.