रेडिएटरचा फॅन लागत नाही: तार जोडून बघावं, पाण्यात तापवून बघावं, की ‘डायरेक्ट’ करावं?

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, बॉनेटखाली फॅनचा आवाज नसतो आणि गॅरेजमध्ये बहुधा एकच उपाय ऐकू येतो: “साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो,” म्हणजे स्विच वगळून फॅन थेट इग्निशनला जोडून देतो. माझं मत स्पष्ट आहे. आधी तारेची तपासणी, गरज पडली तर पातेल्याची. डायरेक्ट फक्त त्या दिवशी घरी पोचण्यापुरतं.

पण तुमच्या गाडीत मुळात फॅनचा स्विच, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) तापलं की फॅन लावणारा भाग, आहे का? कार्ब्युरेटरच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तो असतो: रेडिएटरच्या टाकीत किंवा थर्मोस्टॅटजवळ (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) घट्ट बसवलेला, पितळी, षटकोनी डोक्याचा. दोन पिना असतील तर फॅनला एकच वेग, तीन असतील तर बहुधा दोन. डोक्यावर 95-90 असे आकडे कोरलेले असले तर 95 अंशांना फॅन लागतो आणि 90 ला थांबतो. एकाच वायरचा भाग दिसला तर तो बहुतेक डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर. खरा घोळ होतो तो ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) दोन पिनांच्या तापमान-सेन्सरमुळे, कारण तो स्विचसारखाच दिसतो. इंजिन गार असताना मल्टिमीटर लावा. सेन्सर साधारण दोन-तीन हजार ओहम दाखवतो आणि तापल्यावर काही शे ओहमवर उतरतो. स्विचचं मधलं काही नसतं: गार असताना जोड नाही, तापल्यावर जवळपास शून्य ओहम. फॅन ईसीयू चालवत असेल तर पुढचं सोडा, स्कॅनर लावून कूलंटचं तापमान वाचून घ्या.

तारेची तपासणी पाच मिनिटांची. स्विचचा कनेक्टर काढायचा, इग्निशन चालू करायचं आणि कनेक्टरच्या दोन टोकांमध्ये जाड तारेचा तुकडा घालायचा. हात पात्यांपासून लांब ठेवा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, रिले, वायरिंग सगळं ठीक आहे. नाही फिरला तर स्विचवर पैसे घालवू नका, फ्यूज आणि रिलेपासून सुरुवात करा. मात्र फॅन फिरला म्हणजे स्विच गेलाच, असंही नाही. कूलंट कमी असेल किंवा स्विचपाशी हवा अडकली असेल, तर चांगला स्विचही तापत नाही. चांगले स्विच फेकून दिले जातात ते इथेच.

म्हणून पातेलं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर स्विच काढा, खाली कूलंट धरायला भांडं ठेवा. स्विचचा धातूचा भाग पाण्यात आणि पिना पाण्याबाहेर राहतील असा तारेने टांगा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर, पिनांना मल्टिमीटर, जोड लागली की बीप वाजेल अशा सेटिंगवर. कोरलेल्या आकड्याच्या आसपास बीप वाजली आणि पाणी निवताना चार-पाच अंश खाली बंद झाली, की स्विच चांगला. पुण्यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, त्यामुळे साधं पाणी इथे 98 अंशांच्या आसपासच उकळतं. 92 किंवा 95 चा स्विच व्यवस्थित तपासता येतो. 100 च्या वरचा पाण्यात कधीच लागणार नाही, आणि तुम्ही चांगल्या स्विचला खराब ठरवाल. त्यावर उपाय म्हणून पातेल्यात कूलंट उकळू नका, ते विषारी असतं.

डायरेक्टमध्ये फॅन इग्निशनबरोबर सुरू होतो आणि सतत फिरत राहतो. कात्रजच्या घाटात त्याने गाडी वाचेल, हे खरं. पण मोटरचे ब्रश लवकर झिजतात, अल्टरनेटरवर कायमचा भार येतो. त्यात आधीच कुणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, तर डिसेंबरच्या सकाळी इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. मूळ दोष तसाच राहतो, तो वेगळाच.

स्विच गेलाच असेल तर जुना बरोबर घेऊन नाना पेठेत जा. आटे, पिना आणि कोरलेलं तापमान तिन्ही जुळवा. ‘थोडा जास्त अंशांचा चालतो’ हे ऐकू नका. नवीन वॉशर घाला, प्लास्टिकच्या टाकीत बेताने आवळा, कूलंट भरून हवा काढा आणि फॅन एकदा आपोआप लागून बंद होईपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवा.