घरी वाफेचं मशीन घ्यावं की पंपाला स्पेसर?

"डॉक्टर, वाफेचं मशीन घरीच घेऊन टाकू का?" तासगाव भागात जानेवारी उजाडला की दम्याच्या पेशंटकडून हा प्रश्न रोज येतो. वाफेचं मशीन म्हणजे औषधाची वाफ करून देणारा नेब्युलायझर. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी सुरू होते, शेतात उसाचं पाचट पेटतं. त्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने धडधाकट माणूस नुसता खोकतो, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या मात्र लगेच आवळतात. माझं उत्तर बहुतेकदा एकच असतं: मशीन राहू द्या, स्पेसर घ्या, म्हणजे पंपाला (इनहेलरला) जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं.

मशीनच्या बाजूने बोलायचं तर त्याला कौशल्य लागत नाही. मास्क लावला, बसून राहिलं, झालं. वाफ डोळ्यांना दिसते, त्यामुळे घरच्यांनाही धीर येतो. पण त्या वाफेतला बराचसा भाग खोलीत उडून जातो. एका वेळेला दहा मिनिटं लागतात, लाइट लागते. कप आणि मास्क दर वेळी धुऊन वाळवावे लागतात. ते किती घरांत होतं हे मी कपाच्या तळाशी साचलेल्या पिवळ्या कड्यावरून ओळखतो. आणि घरात मशीन असलं की दवाखाना लांबतो. रात्री बाराला वाफ, दोनला वाफ, चारला पुन्हा, आणि सकाळी पेशंट निपचित.

नुसत्या पंपाची अडचण वेगळी. दाबणं आणि श्वास ओढणं यांचा मेळ बसत नाही, औषध घशात आपटतं. स्पेसरच्या नळकांड्यात औषध क्षणभर थांबतं, म्हणून ही कसरतच उरत नाही. पंप हलवायचा, एकदा दाबायचा, पाच-सहा श्वास शांतपणे घ्यायचे, मग दुसरा पफ. दोन पफ एकदम मारू नयेत. जिवावर न बेतलेल्या अटॅकमध्ये स्पेसरमधून दिलेलं साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या उघडणारं औषध) मशीनच्या तोडीस तोड काम करतं, हे मोठ्यांत आणि मुलांतही तपासून झालं आहे. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

तिसरा पर्याय रोटाकॅपचा, म्हणजे छोट्या उपकरणात घालून श्वासाने ओढायच्या पावडरच्या कॅप्सूलचा. खिशात मावतो, स्वस्त पडतो. पण पावडर जोरात ओढावी लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला ते जमत नाही, भर अटॅकमध्ये मोठ्यालाही कठीण जातं. पावसाळ्यात कॅप्सूल सर्दावतात. शेडवर काम करणाऱ्या एका मावशींना महिनाभर गुण येईना. विचारलं, "औषध घेता ना?" "घेते की रोज दोन, पाण्यासंगं!" कॅप्सूल गिळत होत्या बिचाऱ्या. चूक माझी, लिहून दिलं, करून दाखवलं नव्हतं. आता पहिला डोस माझ्यासमोरच.

साधन कुठलंही घ्या, आत काय आहे ते आधी बघा. साल्ब्युटामॉल नळ्या उघडतं, सूज तशीच राहते. म्हणूनच 'जीना'च्या (GINA) दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने 2019 पासून बारा वर्षांवरच्यांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं सांगितलंय. सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. (ते घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.) "पंपाची सवय लागते" म्हणणारे त्याच साल्ब्युटामॉलची गोळी बिनघोर खातात. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे वजनाने चाळीस पफ!

लहान मूल असेल तर पंप, स्पेसर आणि मास्क. कामावर जाणाऱ्या धडधाकट माणसाला रोजच्या औषधासाठी रोटाकॅप चालेल. हात थरथरणाऱ्या आजोबांना स्पेसर, पंप नातवाने दाबावा. मशीन फक्त तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच.

पंप घेऊनही दम उतरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलकडे गाडी काढा. वाटेत स्पेसरमधून पफ चालू ठेवता येतात, त्याला प्लग लागत नाही.