एचपी सॉस : आठ महिने, तीन बाटल्या आणि शेपटीला लागलेली चिंच

एचपी सॉस म्हणजे इंग्लंडात सॉसेज-अंड्यांबरोबर खातात तो तपकिरी, आंबट-गोड सॉस. त्याची तिसरी बाटली घरी आली ती फुटूनच. पिशवीत वर दुधाचे कॅन, खाली काच. पाव, अंडी सगळं तपकिरी. किराणा पाठवणाऱ्यांना फोन केला तर म्हणे, फुटलेल्या बाटलीचा फोटो पाठवा. काचा मी केव्हाच केरात टाकलेल्या. पैसे बुडाले! पण फरशी पुसताना हाती आलेलं लेबल पहिल्यांदाच नीट वाचलं, आणि डोकं फिरलं.

चिंच सगळ्यात शेवटी! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. टोमॅटो, व्हिनेगर, काकवी, साखर, मग खजूर. मीठ-मसालेसुद्धा चिंचेच्या पुढे. आणि मी आठ महिने आईला व्हिडिओ कॉलवर सांगतोय, "अगं, गोऱ्यांची चिंच-खजुराची चटणी आहे ही."

वाचत गेलो तर कळलं की या सॉसच्या मूळ मालकाला उधारी नडली होती. फ्रेडरिक गार्टन, नॉटिंगहॅमचा किराणावाला. पार्लमेंटच्या उपाहारगृहात आपला सॉस ठेवतात असं त्याच्या कानावर आलं, म्हणून नाव एचपी, म्हणजे हाउसेस ऑफ पार्लमेंट. 1895 मध्ये नोंदवलंही. पण व्हिनेगरचं बिल थकलं. मिडलँड व्हिनेगर कंपनीच्या एडविन सॅमसन मूरने उधारी सोडली, वर 150 पौंड दिले आणि नाव-पाककृती दोन्ही उचलली. 1903 पासून त्याने सॉस बाजारात आणला. दीडशे पौंड!

आमच्या बर्मिंगहॅममध्ये, ॲस्टनला, कारखाना होता. हायवेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला व्हिनेगर नळाने जायचं. 2005 मध्ये केचपवाल्या हाइन्झ कंपनीने ब्रँड घेतला, 2007 मध्ये ॲस्टन बंद करून काम नेदरलँड्सच्या एल्स्टला नेलं. लेबलवर पार्लमेंटचं चित्र आहे तसंच. 1984 पर्यंत त्यावर एक फ्रेंच परिच्छेदही असायचा, उगाच रुबाब.

तर चिडून ठरवलं, घरीच करायचं. बर्मिंगहॅमच्याच स्पार्कहिल भागातून चिंच आणली, खजूर-गूळ घालून आटवली, पावातल्या सॉसेजवर ओतली. पाव भिजून गोळा झाला, आणि सॉसेजचा तुपकटपणा तसाच. चिंच जिभेवर रेंगाळते. चरबी कापायला व्हिनेगरच हवं, ते थेट नाकात जातं. शिवाय लेबलवरचं कॉर्नफ्लॉवर मी फसवणूक समजत होतो, पण सॉस पावावर धरून ठेवतं तेच. म्हणजे चिंच कमी आहे ही माझी तक्रार अर्धी मागे. अर्धी कायम, कारण डोसा-भज्यांबरोबर हे अजिबात चालत नाही, मी खाऊन पाहिलंय.

मटणाच्या खिम्यात मात्र उतरवताना एक चमचा घालाच.

चौथी बाटली प्लॅस्टिकची घेतली, स्वतः जाऊन, ऑफरमध्ये. संपली की दोन चमचे कोमट पाणी घालून हलवतो आणि ते पाणी खिम्यात ओततो. बायको बघते, काही बोलत नाही.