सर्व्हर मेलला आपणहून चिकटवतो त्या ओळी: आठ महिने वापरल्यानंतर

गोव्यात म्हार्दोळला घरामागच्या पाच खोल्या आम्ही भाड्याने देतो. कुलदैवताच्या दर्शनाला येणारी मुंबई-पुण्याची कुळावी मंडळी देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या खोल्यांत) जागा मिळाली नाही की आमच्याकडे उतरतात. बुकिंगची पावती आमच्या डोमेनवरून मेलने जाते. त्यासाठी चवथीच्या आधी शेअर्ड होस्टिंग (अनेकांत वाटलेला सर्व्हर) घेतलं, सीपॅनेल या नियंत्रण-पॅनेलवालं. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिल्याच महिन्यात दादरच्या एका काकूंचा फोन. "पावती आलीच नाही हो." ती त्यांच्या स्पॅममध्ये पडली होती. मी स्वतःलाच एक पावती पाठवली आणि जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ (एरवी न दिसणाऱ्या ओळींसकट मेलचं कच्चं रूप) उघडलं. बघतो तर मी न लिहिलेल्या ओळीच ओळी! ‘एक्स-अँटीअब्यूज’ तर पाच वेळा. पहिलीत म्हटलेलं, गैरवापराचा माग लागावा म्हणून हे जोडलंय, तक्रार करताना सोबत द्या. वाटलं, हाच तो डाग. सपोर्टवाल्याला म्हटलं काढून टाका. तो म्हणाला, शेअर्ड सर्व्हरवर नाही निघत. दोन दिवस मी धुसफुसत होतो.

चूक माझीच. एका सर्व्हरवर कितीतरी साइट्स असतात आणि आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बहुधा एकच. एकाने घाण केली की सगळे बदनाम. म्हणून सर्व्हरचं नाव, मूळ डोमेन, पाठवणाऱ्याचं डोमेन असं सगळं टाकून ठेवतात. आमच्या चादरींच्या कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने खोलीचा नंबर घालून घेतलाय, धोब्याकडे अदलाबदल झाली तर कळावी म्हणून. तसलाच प्रकार. त्यातले ४७ आणि १२ हे आकडेही गूढ नाहीत, सर्व्हरवरच्या मेल खात्याचे क्रमांक आहेत ते.

‘एक्स-आउटगोइंग-स्पॅम-स्टेटस: नो’ (जाणारा मेल स्पॅम नाही) बघून मी खूश झालो होतो. पण ते प्रमाणपत्र आपल्याच सर्व्हरने दिलेलं, समोरचा कशाला मानेल? असली ओळ स्पॅमवालाही लिहील. बघायची ती ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’, कारण ती मेल घेणारा लिहितो. तिथे एसपीएफ (या सर्व्हरला आमच्या डोमेनचे मेल पाठवायची मुभा आहे का, ही तपासणी) पास होतं, डीकेआयएमपुढे (मेलवरची डिजिटल सही) मात्र सहीची किल्लीच सापडली नाही अशी नोंद. डोमेन घेतलं एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे. किल्ली पॅनेलात तयार होऊन तिथेच पडून होती. पॅनेलात इशाराही होता, मीच पाहिला नव्हता. किल्लीची ती लांबलचक टीएक्सटी (मजकुराची) नोंद डोमेनवाल्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, चिकटवली, सोबत डीएमएआरसीची (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी). जीमेल खात्यांना रोज पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही सक्तीचं केलंय. आम्ही पाचही पाठवत नाही, तरी फरक पडला. पावती आधी नुसता एक मोठा फोटो होती, ती साध्या मजकुरात आणली.

या ओळींचा खरा उपयोग डिसेंबरात झाला. आमच्या नावाने भलतेच मेल जायला लागले. ‘एक्स-पीएचपी-स्क्रिप्ट’ या ओळीत मेल धाडणाऱ्या फाइलचं नावच होतं: भाच्याने आमच्या साइटवर कधीतरी टाकून विसरलेला चौकशी फॉर्म. उडवला.

एक खटकतंच. पत्ता बुकिंगचा लावून भाच्याने स्वतःच्या लॉगिनने पाठवलं, तर ‘एक्स-ऑथेंटिकेटेड-सेंडर’मध्ये त्याचं खातं दिसतं. उघडून बघणाऱ्या प्रत्येकाला.

होस्टिंगला पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या सपोर्टवाल्यामुळे कापलाय: ओळी निघत नाहीत म्हणाला, पण किल्लीचं तेव्हाच सांगितलं असतं तर!